गाडी दिल्लीची, हिशेब आपला

एक स्क्रीनशॉट तुमच्याही ग्रुपवर कधीतरी येऊन गेला असेल. पांढरीशुभ्र डिझेल एसयूव्ही, २०१६ चं मॉडेल, 'सिंगल ओनर', 'डॉक्टरांनी वापरलेली'. किंमत अशी, की आपल्याकडे तेवढ्यात जेमतेम एखादी जुनी हॅचबॅक यावी. आणि खाली एक ओळ : 'दिल्ली पासिंग, एनओसी रेडी.' मग काय, ग्रुप जागा होतो. चौघांनी मिळून घेतली तर? बाबांना पटवलं तर? ट्रेनने जायचं आणि चालवत यायचं, वाटेत जयपूर-उदयपूरही उरकेल!

प्लॅन ऐकायला झकास आहे. पण एक प्रश्न त्या ग्रुपवर सहसा कुणी विचारत नाही. एवढी चांगली गाडी तिथला माणूस एवढ्या स्वस्तात का विकतोय? त्याचं उत्तर इंजिनात नाही, कोर्टाच्या निकालांमध्ये आहे. आणि ते समजून न घेता टोकन देणं म्हणजे पेपर न वाचता सही करणं.

स्वस्ताईचं मूळ

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांबाबतचा आदेश त्याआधी, २०१४ मध्येच आला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल ही मर्यादा उचलून धरली. म्हणजे देशात इतरत्र खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पण गुरुग्राम-नोएडातली डिझेल गाडी दहाव्या वाढदिवसालाच रिटायर! साहजिकच आठवं-नववं वर्ष लागलं की तिथला मालक गिऱ्हाईक शोधू लागतो. आणि ते गिऱ्हाईक राजधानी परिसराच्या बाहेरचं असावं लागतं. म्हणजे आपण.

१ जुलै २०२५ ला तर दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा नियम लागू झाला. लोकांचा राग एवढा उसळला की दोन-तीन दिवसांतच सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. पुढे १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून कठोर कारवाई करू नका, असं सांगितलं. १७ डिसेंबर २०२५ ला तो दिलासा फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता मर्यादित झाला. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्या पुन्हा टांगणीला.

मग आपल्या स्क्रीनशॉटमधल्या २०१६ च्या गाडीचं काय? दिल्लीत बीएस-४ निकष २०१० पासूनच होते, त्यामुळे ती सध्या तरी सुरक्षित आहे. पण हा दिलासा न्यायालयाच्या आदेशाने मिळालाय, कायदा बदललेला नाही. उद्या काय होईल याची खात्री मालकाला नाही, म्हणून तो घाईत आहे. तुम्हाला मिळणारी सूट ही त्या अनिश्चिततेची किंमत आहे. आणि गाडी घेतल्यावर तिचा काही भाग तुमच्याबरोबर महाराष्ट्रात येतो.

तो कसा, तेही बघा. दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्या कुठे पाठवायच्या, यासाठी जिथे वाहनांची गर्दी कमी आहे अशी ठिकाणं राज्यांनी ठरवावीत, असं हरित लवादाने २०१६ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे हातात एनओसी आहे म्हणून कुठलंही आरटीओ ती गाडी नोंदवून घेईलच, असं नाही. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हवेची दखल घेत पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे तपासायला सांगितलं आणि राज्य सरकारने त्यासाठी समितीही नेमली. आज दिल्लीत जे झालं ते उद्या इथे होईलच, असं नाही. पण दहा वर्षांची डिझेल गाडी घेताना 'आपल्याकडे असलं काही नसतं' हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

पुण्यात पोचेपर्यंत

आता पैशांचं बोलू. समजा, गाडी साडेतीन लाखांना ठरली. नवी असताना तिची किंमत साडेनऊ लाख होती. पुढचे आकडे आपण हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीप्रमाणे ते बदलतील.

दिल्लीहून पुणे साधारण चौदाशे किलोमीटर. लिटरला पंधराचं ॲव्हरेज आणि ९० रुपये भाव धरला तर नुसतं डिझेल ८,४०० रुपयांचं. टोल, ट्रेनची तिकिटं, एक-दोन मुक्काम धरून अठरा हजार कुठेच गेले नाहीत.

खरा झटका रोड टॅक्सचा. दिल्लीत भरलेला टॅक्स महाराष्ट्रात चालत नाही. इथे नवा नंबर घ्यायचा तर इथला एकरकमी कर भरावा लागतो. दहा लाखांपर्यंतच्या नव्या खासगी डिझेल गाडीला तो १३ टक्के, पेट्रोलला ११ टक्के. साडेनऊ लाखांवर १३ टक्के म्हणजे १,२३,५०० रुपये. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशेब सुरू होतो गाडीच्या मूळ किमतीपासून, तुम्ही घासाघीस करून पाडलेल्या भावापासून नाही. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. आपण निम्मा धरू : ६१,७५० रुपये. दिल्लीतल्या उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो इथल्या नोंदणीनंतर, वेगळा अर्ज करून आणि पाठपुरावा करून. बजेटमध्ये तो धरूच नका.

इन्शुरन्सचे धरा बारा हजार. एक गंमत लक्षात ठेवा. आधीच्या मालकाला जो नो-क्लेम बोनस मिळत होता, तो त्याचा असतो, गाडीचा नाही. 'इन्शुरन्स अजून आठ महिने आहे' असं सांगितलं तरी पॉलिसी तुमच्या नावावर करताना त्या सवलतीचा फरक तुम्हाला भरावा लागतो. टायर, बॅटरी, क्लच, सर्व्हिसिंग यांचे चाळीस हजार. फी, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, पीयूसी आणि एजंट मिळून दहा हजार. यातल्या नाव बदलण्याची केंद्रीय नियमांप्रमाणे मूळ फी खासगी कारला अवघी ३०० रुपये आहे. बाकीचं कशाचं घेतो, ते एजंटला विचारायची लाज बाळगू नका.

बेरीज करा : ४,९१,७५० रुपये. साडेतीन लाखांची गाडी पाच लाखांना टेकली! आता हाच आकडा घेऊन आपल्या गावातली, एमएच नंबरची, तशीच गाडी शोधा. फरक पन्नास हजारांहून कमी निघाला, तर दिल्लीची वारी कशाला?

जीएसटीचा घोळ

डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागणार म्हटल्यावर मीम्सचा पाऊस पडला होता. अनेक जण अजून समजतात की पाच लाखांच्या जुन्या गाडीवर नव्वद हजार टॅक्स. तसं नाहीये. हा कर नोंदणीकृत विक्रेत्याला, तोही त्याच्या मार्जिनवर लागतो. डीलरने तीन लाखांना घेतलेली गाडी तुम्हाला ३ लाख ४० हजारांना विकली, तर कर चाळीस हजारांवर, म्हणजे ७,२०० रुपये. शेजारच्या काकांकडून थेट घेतली तर शून्य. 'जीएसटीमुळे साठ हजार वाढले' असं कुणी म्हणालं, तर शांतपणे मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा.

दुसरा बदल तुमच्या फायद्याचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भावही उतरायला हवा. विकणारा मात्र 'मी तेव्हा ऑन-रोड साडेसात लाख मोजलेत' असं सांगतो. त्याने तेव्हा किती मोजले, हा त्याचा इतिहास. तुम्ही आजच्या शोरूमचं कोटेशन खिशात ठेवून बोला.

नाव कुणाचं?

इथपर्यंत पैशांचं झालं. आता त्याहून मोठी गोष्ट.

१० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ कारमध्ये जीवघेणा स्फोट झाला. तपास सुरू होताच पोलीस गाडीच्या नंबरवरून मालकाकडे पोचले आणि कळलं की गाडी कधीच विकली गेली होती, एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती. कागद मात्र तिच्याबरोबर फिरले नव्हते. गाडी विकून मोकळा झालेला माणूस चौकशीला सामोरा गेला.

हे टोकाचं उदाहरण झालं. पण साध्या अपघातातही कायदा तेच विचारतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. गाडी हातोहात चार जणांकडे गेली, आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहिलं आणि मध्येच अपघातात एक जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. विकली होती, पैसे घेतले होते, चावी दिली होती, यातलं काहीच कामाला आलं नाही.

आता तो 'चौघांनी मिळून घेऊ' प्लॅन परत आठवा. पैसे चौघांचे, पण आरसीवर नाव एकाचंच असणार. चलान त्याच्या मोबाइलवर, नोटीस त्याच्या पत्त्यावर. लायसन्स नसलेल्या मित्राने 'जरा एक चक्कर' म्हणून गाडी नेली आणि कुणाला उडवलं, तर गाडी त्याच्या हातात दिल्याबद्दलही मालकाला जाब द्यावा लागतो. विमा कंपनी पीडिताला पैसे देऊन नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. एकवीस वर्षांच्या मुलाच्या नावावर लाखांची जबाबदारी बसणं म्हणजे काय, याचा विचार गोव्याच्या ट्रिपचे फोटो डोळ्यांपुढे असताना होत नाही. म्हणून तो आधी करायचा.

उलट बाजूही तितकीच खरी. घरची जुनी गाडी किंवा स्कूटर विकताना बाबा 'तो करून घेईल नावावर' म्हणत असतील, तर त्यांना थांबवा. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. विकल्याची माहिती आरटीओला द्यायची मुदत राज्यातल्या राज्यात १४ दिवस, परराज्यात ४५ दिवस. खरेदीदाराला नावावर करायला ३० दिवस. अधिकृत डीलरला गाडी देत असाल, तर एप्रिल २०२३ पासून ताबा दिल्याची नोंद फॉर्म २९सी भरून ऑनलाइन करता येते. त्या तारखेपासून जबाबदारी डीलरवर जाते.

टोकन देण्याआधी

एक संध्याकाळ काढा आणि एवढं करा. परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, चलान किती बाकी आणि बँकेचा बोजा आहे का, हे बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा, नुसता 'लोन फिटलंय' हा शब्द नको. आरसीवर बीएस-४ लिहिलंय का ते वाचा. चासी नंबर स्वतः खाली वाकून जुळवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसची नोंद मागवा, मीटरचं किलोमीटर खरं की खोटं तिथे कळतं. सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा, पुरात बुडालेली गाडी तिथे चुगली करते. ओळखीच्या मेकॅनिकला दोन हजार द्या आणि गाडी दाखवा.

परराज्यातली असेल तर सगळ्यात आधी आपल्या आरटीओत जा आणि दोनच प्रश्न विचारा : ही गाडी इथे नोंदवून घ्याल का आणि टॅक्स किती बसेल? मगच दिल्लीचं तिकीट काढा. तिथून फॉर्म २८ ची एनओसी आपल्याच आरटीओच्या नावाने घ्या, इथे फॉर्म २७ भरून नवा नंबर मागा. कायदा त्यासाठी बारा महिने देतो, पण ते बारा महिने बाहेरच्या नंबरवर फिरण्यासाठी नाहीत. जितके दिवस लांबवाल, तितके दिवस दुसऱ्याच्या नावावर आपली जोखीम फिरत राहते.

जुनी गाडी घेणं चूक नाही. घरातली पहिली गाडी जुनीच असणं ही आपल्याकडे कित्येक कुटुंबांची गोष्ट आहे आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त ग्रुपवर पुढचा स्क्रीनशॉट आला, की किंमत किती हे विचारण्याआधी एवढंच टाईप करा : 'आरसीचा फोटो पाठव.' उत्तर यायला दोन दिवस लागले, तर समजा डील तिथेच संपली.