बापपणाची उमेदवारी

मुलें सांभाळण्याचें शिक्षण बापांना देणारे वर्ग वस्तीवस्तींत असावेत, अशी सूचना कोणीं केली कीं आपल्या सुशिक्षित मंडळींत प्रथम हंशा पिकतो. मग कोणी म्हणतो, "पोहावयास शिकवतात, मोटार हांकावयास शिकवतात, आतां बाप व्हावयासहि शिकवणार काय?" विनोद म्हणून हें ठीक आहे, परंतु युक्तिवाद म्हणून तें बोलणाऱ्यावरच उलटतें. मोटार हांकण्यासाठीं आपण परीक्षा घेतों व परवाना मागतों. आणि ज्याच्या हातून एका माणसाचें सारें आयुष्य घडावयाचें किंवा बिघडावयाचें, त्याला मात्र एका दिवसाचीहि उमेदवारी नको, हें कोणत्या तर्कशास्त्रांत बसतें? ह्या हंशाच्या आड जे आक्षेप दडलेले असतात ते एकेक बाहेर काढून तपासावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिला आक्षेप निसर्गाचा. मूल वाढविण्याचें ज्ञान स्त्रीला उपजतच असतें, पुरुषाला नसतें, असें सांगण्यांत येतें. गर्भधारणा व स्तनपान हीं निसर्गानें स्त्रीकडे सोंपविलीं, हें कोण नाकारील? पण लंगोट बदलणें, तापलेल्या कपाळावर ओली घडी ठेवणें, हट्टी पोराला गोष्ट सांगत घास भरविणें, रात्रीं दोन वाजतां रडतें मूल खांद्यावर घेऊन येरझारा घालणें, ह्यांपैकीं कोणतें काम पुरुषाच्या हातांना निसर्गानें मना केलें आहे? खरी गोष्ट निराळीच आहे. आपल्याकडे आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिंडते, दहाव्या वर्षीं त्याला न्हाऊं घालते, आणि मामी-मावशीच्या बाळंतपणांत हाताखालीं राबते. ही दहा-बारा वर्षांची उमेदवारीच होय. ती बिनपगारी असते, सक्तीची असते, आणि तिचें प्रमाणपत्र कोणी देत नाहीं. म्हणून तिला 'उपजत माया' असें गोंडस नांव देऊन आपण मोकळे होतों. तिचा थोरला भाऊ त्याच वेळीं बाहेर विटीदांडू खेळत असतो. पुढें तोच बाप झाला आणि तान्हें मूल उचलतांना गोंधळला, कीं पुरुषाच्या जातीला हें जमावयाचें नाहीं, असा निकाल आपण देतों. ज्याला तालमींत पाऊलच टाकूं दिलें नाहीं तो आखाड्यांत चीत झाला, तर दोष त्याच्या रक्ताचा कीं आपल्या व्यवस्थेचा?

२०२४ सालीं केंद्र सरकारनें लोकांच्या दिवसभराच्या वेळाची पाहणी केली. मुलें, आजारी व म्हातारीं माणसें ह्यांची घरीं देखभाल करणाऱ्या स्त्रिया १५ ते ५९ ह्या वयांत ४१ टक्के आढळल्या आणि पुरुष २१.४ टक्के. जे हें काम करतात त्यांतहि बाईचीं रोजचीं १४० मिनिटें आणि पुरुषाचीं ७४. ह्या आंकड्यांनीं पुरुषाची असमर्थता सिद्ध होत नाहीं. उलट पांचांतील एक जण जें काम करीतच आहे तें निसर्गाला अशक्य नाहीं, एवढें मात्र निश्चित सिद्ध होतें.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. "आमच्या वडिलांना कोणीं शिकविलें होतें? आम्ही वायां गेलों काय?" वडिलांच्या चपला दारांत वाजल्या कीं घर चिडीचूप होई, हें आपण अजून अभिमानानें सांगतों, भीतीला आदर म्हणण्याची आपली संवय फार जुनी आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं १३ राज्यांतील मुलांविषयींचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत दर तिघांपैकीं दोन मुलांनीं शारीरिक छळ सोसल्याचें दिसून आलें. आणि घरच्या माणसांकडून तो सोसणाऱ्यांपैकीं ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच होते. ह्यांत आयाहि आल्या, हें मान्य आहे. पण दिवसभर सारा भार एकटीनें वाहून थकलेल्या बाईचा हात जेव्हां उठतो, तेव्हां त्या हाताच्या मागें एक गैरहजर बाप उभा असतो. आपल्या वाचनांतहि हीच गैरहजेरी आढळते. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिलें, आणि आईनें मुलाला काय द्यावें हें मराठी घरांना उमगलें. बापानें काय द्यावें हें सांगणारें, तितकेंच घरोघर पोहोंचलेलें पुस्तक आपल्यापाशीं अद्यापि नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे: असल्या वर्गांनीं प्रत्यक्षांत कांहीं फरक पडतो काय? ह्याचें उत्तर आफ्रिकेंतील रुआंडा ह्या लहानशा, डोंगराळ व गरीब देशानें दिलें आहे. १९९४ सालीं त्या देशांत शंभर दिवसांत लक्षावधि माणसांची कत्तल झाली. अशा होरपळलेल्या भूमींत 'बांदेबेरेहो' हा उपक्रम उभा राहिला. 'ज्याचा कित्ता गिरवावा असा माणूस' हा त्या नांवाचा आशय. तरुण बापांचे आणि होऊं घातलेल्या बापांचे लहान लहान गट, एकूण १५ बैठका, त्यांपैकीं कांहींना पत्नीहि बरोबर. शिकविणारा कोणी पंडित नव्हे, तर त्याच गांवचा, तालीम घेतलेला बाप. गरोदरपण, बाळाची निगा, घरखर्चाचा दोघांनीं मिळून विचार, भांडण हातघाईवर येऊं न देणें, हे विषय; आणि प्रत्येकानें आपल्या स्वतःच्या बापाविषयीं मोकळेपणानें बोलावयाचें: त्याचें काय उचलावें आणि काय टाकावें.

ह्या उपक्रमाची परीक्षाहि कसून झाली. ११९९ जोडप्यांची, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें, दोन गटांत विभागणी केली. एका गटाला वर्ग मिळाला, दुसऱ्याला नाहीं. २१ महिन्यांनीं विचारणा झाली, तेव्हां वर्षभरांत नवऱ्यानें मारल्याचें सांगणाऱ्या स्त्रिया वर्गाबाहेरच्या गटांत ५७ टक्के निघाल्या, तर वर्गांतल्या गटांत ३३ टक्के. मुलांवरचा मारहि उतरला, आणि बापांचा घरकामांतील वेळ वाढला. हे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. सहा वर्षांनंतरच्या पाहणींतहि परिणाम टिकून असल्याचें २०२३ सालीं जाहीर झालें. येथें साक्ष नवऱ्यांच्या फुशारकीची नाहीं, बायकांची आहे, हें लक्षांत घ्यावें. ३३ टक्के हा आंकडाहि लाजिरवाणा आहे; १५ बैठकांनीं रामराज्य येत नाहीं. पण एवढा फरक पाडणारें औषध निघालें असतें, तर आपण त्याला हंसलों असतों काय?

चौथा आक्षेप स्त्रियांसाठीं झटणाऱ्या कार्यकर्त्यांचा आहे, आणि त्याला हंसून चालणार नाहीं. बायकांच्या वांट्याला येणारा तुटपुंजा पैसा आतां पुरुषांच्या कौतुकावर उधळणार काय, असें त्या विचारतात. त्यांची भीति रास्त आहे. बापानें एकदां मूल फिरावयास नेलें कीं त्याचा सत्कार, आणि आईनें वीस वर्षें वाढविलें तर तें कर्तव्य, असला प्रकार मला मुळींच नको. म्हणून दोन अटी असाव्यात. बायकांच्या योजनांतून एक पैसाहि ह्या कामाकडे वळवूं नये. आणि वर्गाच्या यशापयशाचा निकाल बापांना न विचारतां त्यांच्या बायकांना व मुलांना विचारावा.

कोणी म्हणेल, हें आफ्रिकेंत ठीक. आपल्या मातींत रुजणार नाहीं. पण ह्याच मातींत ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि गरिबाचें मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनेंच त्याच्या अंगणांत जावें हें तत्त्व करून दाखविलें. १९७५ सालीं केंद्र सरकारनें ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेंच नांव आहे. मात्र त्या अंगणांत बापाला पाट मांडलेला नाहीं. तेथील सभा बापाच्या कामाच्या वेळेस भरतात, आणि हातीं मिळणाऱ्या कार्डाचें नांवहि 'माता व बाल' एवढेंच. ताराबाईंचें सूत्र बापालाहि लावावें. तो येत नसेल तर तो जेथें बसतो तेथें जावें: गांवच्या पारावर, तालमींत, भजनी मंडळांत, रिक्षाच्या थांब्यावर, गणेशोत्सवाच्या मांडवांत. मात्र तेथें व्याख्यान नको. संस्कारांवर तासभर भाषण आणि शेवटीं चहा, हा आपला पालकमेळावा मीं पुष्कळ वेळां पाहिला आहे. त्यांतून बोटभर कौशल्यहि कोणाच्या हातीं लागत नाहीं. मूल हातांतच घ्यावें लागतें.

आणि हात मोकळे असावे लागतात. २०१७ सालच्या दुरुस्तीनें नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा मिळाली. त्या दुरुस्तींत बापासाठीं एक दिवसहि नव्हता. केंद्र सरकारच्या पुरुष नोकराला १५ दिवस मिळतात. स्वीडननें १९७४ सालीं ही रजा जगांत प्रथम दोघांनाहि खुली केली, तेव्हां पुरुषांनीं तिला जवळजवळ हातच लावला नाहीं. मग १९९५ सालीं एक महिना, २००२ सालीं दोन आणि २०१६ सालीं तीन महिने असे राखून ठेवले कीं बापानें न घेतल्यास ते बुडावेत. आज तेथें एकूण रजेचे सुमारें तीस टक्के दिवस बाप घेतात. वेळेवांचून वर्ग हा देखावा आहे, आणि वर्गावांचून वेळ ही नुसती सुटी आहे.

हें सारें गरिबांच्या वस्तींत करावयाचें, आपल्याला त्याची गरज नाहीं, असा समज करून घेऊन वाचकांनीं हें पान उलटूं नये. ज्या घरांत शिकलेला बाप मुलाच्या फीचे आंकडे तोंडपाठ म्हणतो, पण त्याला रात्रीं कशाची भीति वाटते हें ज्याला ठाऊक नाहीं, त्या घरालाहि ह्या उमेदवारीची तितकीच गरज आहे. आपल्या वस्तींत असा वर्ग निघाला तर पहिलें नांव आपण स्वतःचें घालावें; शेजाऱ्याचें सुचविण्याची घाई करूं नये.