केसपेपर दाखवा

तंजावरच्या जुन्या बसस्टँडच्या आसपासची भिंत कधी उघडी दिसत नाही. सिनेमाचं पोस्टर, पुढाऱ्याचा वाढदिवस, कुणाच्या तरी निधनाचा 'कण्णीर अंजली'चा फलक, आणि या गर्दीत कोपऱ्यात डकवलेला वीतभर कागद. त्यावर ठळक तमिळ अक्षरांत पुरुषत्वाची कमतरता, नसांची दुर्बलता, मूल नसणं असली दुखणी. खाली महिन्याच्या तारखा, तारखेसमोर गावाचं नाव, गावासमोर लॉजचं नाव, शेवटी मोबाइल नंबर. वैद्य त्या दिवशी सकाळी लॉजवर उतरतो, दिवसभर खोलीत माणसं येतात-जातात, संध्याकाळी वैद्य पुढच्या गावाला निघतो. माणसाच्या हातात राहतात पुड्या आणि बाटली. पुडीवर नाव नाही, बाटलीवर घटक नाहीत, आणि चिठ्ठी तर नाहीच.

महाराष्ट्रातल्या वाचकानं नाक मुरडायचं कारण नाही. रुळांकडेच्या भिंतीवरचं 'गुप्तरोग', हमरस्त्यालगतचा तंबू आणि त्यातला 'खानदानी' वैद्य ही त्याच घराण्यातली भावंडं. फरक एवढाच, की इकडे तंबू ठोकत नाहीत, खोली घेतात.

हा सगळा व्यवहार कायद्याच्या डोळ्यांदेखत चालतो. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा आहे. लैंगिक सुखाची क्षमता टिकवून देतो किंवा वाढवून देतो अशी औषधाची जाहिरात करायला त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर वर्षभर. म्हणजे तो वीतभर कागद हाच पुरावा, आणि तो भिंतीवर पंचनाम्याची वाट पाहत असतो.

पण हे पत्रक नुसतं त्या वैद्याविरुद्ध नाही. त्याच्या दारात रांग का लागते, हा खरा मुद्दा. माणसाला दुखणं असतं, ते खरं असतं, आणि लाजेपोटी ते सांगायला दुसरी जागा नसते म्हणून तो लॉजचा जिना चढतो.

तंजावरला तर ही लाज उसनी आणावी लागली. इथल्याच मराठी दरबारात, प्रतापसिंह राजांच्या कारकिर्दीत (1739 ते 1763), मुद्दुपळनी नावाच्या गणिकेनं 'राधिका सांत्वनमु' हे तेलुगू काव्य लिहिलं. त्यातली राधा वयानं मोठी आहे. इळा या मुलीला तिनं स्वतः वाढवलं आणि कृष्णाशी तिचं लग्न लावून दिलं. मग नव्या नवरीला पहिल्या रात्रीबद्दल चार गोष्टी समजावते ती हीच राधा, आणि कृष्णाला बाजूला घेऊन 'पोर नवखी आहे, सांभाळून, हळुवार' असं बजावते तीही हीच. पुढे तिचाच जीव जळतो आणि कृष्णाला तिची समजूत काढावी लागते. दोघांच्या मधे बसून दोघांचंही ऐकणारी बाई या गावच्या साहित्यात अडीचशे वर्षांपूर्वी येऊन गेली.

त्या काव्याचं पुढे काय झालं तेही इथल्याच मातीतलं आहे. वीरेशलिंगम यांच्यासारख्या थोर सुधारकालाही ते अश्लील वाटलं. बेंगळूरु नागरत्नम्मांनी ते 1910 साली मूळ स्वरूपात छापून घेतलं, तर पुढच्याच वर्षी पोलिसांनी प्रती जप्त केल्या. बंदी उठली 1947 मध्ये. या नागरत्नम्मा म्हणजे त्याच, ज्यांनी तंजावरजवळच्या तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीचं मंदिर स्वतःचे पैसे घालून उभं केलं. आराधनेला दरवर्षी लोटणाऱ्या गर्दीतल्या किती जणांना त्यांचा तो दुसरा खटाटोप ठाऊक असतो, कोण जाणे.

मराठीतली गोष्ट याहून वेगळी नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, आणि जुलै 1927 पासून ते 'समाजस्वास्थ्य' चालवत राहिले. त्यांच्यावर खटले झाले. त्यांतला 1934 सालचा खटला या पत्रकाच्या दृष्टीनं महत्त्वाचा, कारण तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून दिलेल्या उत्तरांवरून होता. कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हस्तमैथुनानं माणूस खंगत नाही, हे सांगण्याची ती किंमत. खंगतो असं सांगून औषध विकणारा मात्र तेव्हाही मोकळा होता.

आजही त्याचा निम्मा धंदा त्याच भीतीवर चालतो. वीर्य म्हणजे शरीराचं सार, ते 'गेलं' की माणूस संपला, या समजुतीतून येणाऱ्या अशक्तपणाला, चिंतेला, झोपमोडीला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. यावर उतारा म्हणजे शरीर कसं चालतं ते नीट समजावणं आणि खाली दबलेली चिंता किंवा उदासी ओळखून तिच्यावर उपचार करणं. पुडीत तो मिळत नाही.

शिकलेला तज्ज्ञ नेमकं करतो काय, याबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीनं 1970 च्या ग्रंथात एक साधी पण मोठी गोष्ट मांडली: आजारी नवरा नाही, बायको नाही, उपचार त्या दोघांमधल्या नात्यावर करायचे. त्यांच्या पद्धतीत जोडप्याला आधी चक्क संभोगाची मनाई करतात. काही दिवस फक्त स्पर्श, तोही आळीपाळीनं, आणि स्पर्शातून काही 'साधायचं' नाही. परीक्षेची धास्ती गेली की पुष्कळांचं शरीर आपसूक वाटेवर येतं. हे सगळं जोडप्यानं आपल्या घरी, दार लावून करायचं. तज्ज्ञाच्या खोलीत कपडे घालून खुर्च्यांवर बसून बोलणं होतं. तपासणी लागलीच तर ती डॉक्टर करतो, कारण सांगून, परवानगी घेऊन. 'उपचार' म्हणून कुणी याहून वेगळा स्पर्श करू लागला, तर तो उपचार नव्हे. तिथून उठून पोलिसांत जावं.

लग्नाला चार-चार वर्षं होऊनही संबंधच झालेले नाहीत अशी जोडपी असतात. घरात मात्र 'पाळणा कधी हलणार' एवढाच प्रश्न. मग सासू सुनेला घेऊन वंध्यत्वाच्या दवाखान्यात. तिथे रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात, वीर्याचा रिपोर्ट काढतात, आणि 'तुमचे संबंध होतात का' हा फुकटचा प्रश्न कुणी विचारलाच नाही तर हजारो रुपये गेल्यावर उमगतं की अडचण वेगळीच होती. कित्येकदा ती योनिआकर्षाची असते: भीतीनं स्नायू आपोआप आवळले जातात, त्यात बाईचा हट्ट नसतो. पायरी-पायरीनं स्नायू सैल करायला शिकवून, नवऱ्याला सोबत घेऊन ती बहुधा सुटते. हे न कळलेल्या घरात तिला थंड म्हणतात, नखरेल म्हणतात, माहेरी पाठवतात.

पुरुषांचंही ऐकावं. ताठरता कमी होणं हे पुष्कळदा मधुमेहाचं किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराचं लक्षण असतं, कधी कधी हृदयविकाराची पहिली चाहूल. तमिळनाडू सरकारच्या 'मक्कळै तेडि मरुत्तुवम्' योजनेत ऑगस्ट 2021 पासून आरोग्यसेविका दारात येऊन साखर आणि रक्तदाब पाहतात, गोळ्या देतात. ही योजना नावाजण्यासारखीच. पण ज्याची साखर दहा वर्षं वाढलेली आहे त्याला ताठरतेबद्दल एक प्रश्न विचारायची सोय तिच्यात हवी. नाहीतर तो माणूस साखरेची गोळी सरकारची घेतो आणि दुसरी पुडी लॉजवरून आणतो. 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चूर्णांत सिल्डेनाफिल मिसळलेलं जगभर सापडलं आहे. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

इथे एक खुलासा केलेला बरा. हे भांडण सिद्ध ही तमिळ वैद्यकपद्धती किंवा आयुर्वेद यांच्याशी नाही. पाळयंकोट्टैच्या सरकारी महाविद्यालयातून शिकून, नोंदणी करून बसलेला सिद्ध वैद्य एका जागी बसतो, नाव लावतो, उद्या पुन्हा भेटतो. भांडण आहे बेवारशी उपचाराशी. आणि तंजावरला हे सांगायला हवं असं नाही: सरफोजी राजांच्या (1798 ते 1832) धन्वंतरी महालात औषधं तयार होत, अनुभवानं पारखली जात, आणि राजांच्या नेत्ररुग्णांचे कागद तर डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह लिहून ठेवलेले होते. रुग्ण कोण, काय होतं, काय केलं, काय झालं. दोनशे वर्षांपूर्वी राजवाड्यात केसपेपर होता. आज चालत जाण्याच्या अंतरावरच्या खोलीत तो नाही.

आता शिकलेल्यांनाही थोडं. 'सेक्सॉलॉजिस्ट', 'कपल थेरपिस्ट', 'रिलेशनशिप कोच' या पाट्यांपैकी एकीलाही आपल्या देशात स्वतंत्र परवाना नाही. डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला 1992 च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेची लागते. समुपदेशक मात्र वर्षानुवर्षं मोकळेच राहिले. 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्यानं त्यांच्यासाठीही नोंदवहीची वाट काढली आहे. ती नोंदवही जिल्ह्याजिल्ह्यात पोचेपर्यंत आठवड्याच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावणारा आणि लॉजवाला यांच्यात फरक वातानुकूलनाचाच.

पदवीवाल्यांच्या हातूनही घोर अन्याय झाले आहेत. समलिंगी मुलामुलींना 'बरं' करण्याच्या नावाखाली औषधं आणि विजेचे झटके देणारे डॉक्टरच होते. त्याला या राज्यात आवर बसला तो मद्रास उच्च न्यायालयाच्या 7 जून 2021 च्या आदेशानं. मदुराईहून पळून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींच्या अर्जावर न्या. आनंद व्यंकटेश यांनी निकाल देण्याआधी कबूल केलं, की हा विषय आपल्यालाच पुरता उमगलेला नाही. मग ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञ बाईंसमोर जाऊन बसले, ऐकलं, विचारलं, आणि नंतर लिहिलं. असले 'उपचार' करू पाहणाऱ्यांवर कारवाई करण्याचं त्यांनी बजावलं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असे 'उपचार' करणं हा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार ठरवला. खुर्चीवरच्या माणसानं समुपदेशकाची खुर्ची शोधली, त्याचं काही बिघडलं नाही.

इतर न्यायालयांत मात्र अशा जाणत्या समुपदेशनाची कमतरता आहे. हिंदू विवाह कायद्याचं बारावं कलम नपुंसकत्वामुळे संबंध न झालेलं लग्न रद्द करायची वाट दाखवतं. उपचाराची वाट दाखवणं कायद्याचं काम नव्हे, पण कुटुंब न्यायालय कायदा 1984 मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे, आणि त्यांच्यापुढे रोज हीच जोडपी येतात. त्यांना लैंगिक तक्रार ओळखण्याचं प्रशिक्षण नसेल, तर उरतं ते 'जरा जुळवून घ्या'. मारहाण होत असलेल्या बाईला नवऱ्याशेजारी बसवून हे सांगणं तर धोक्याचं. घरी गेल्यावर ती जे बोलली त्याची वसुली होते. अशा ठिकाणी आधी तिची सुरक्षितता, तिच्याशी एकटीशी बोलणं. जोडीनं बसणं मागाहून, आणि तिला हवं असेल तरच.

मुंबईत हे काम उघडपणे करता येतं हे तीन-चार माणसांनी दाखवलं. केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. डॉ. विठ्ठल प्रभूंनी 'निरामय कामजीवन' मराठीत लिहिलं. डॉ. महिंदर वत्स तर 2020 मध्ये वयाच्या 96 व्या वर्षी जाईपर्यंत लोकांच्या प्रश्नांना वर्तमानपत्रातून उत्तरं देत होते, तीही अशी खुसखुशीत की लोक चहाबरोबर वाचत. तमिळ घरांतही डॉ. मातृभूतम यांच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमानं ही भाषा थोडी सैल केली होती.

तंजावरच्या मराठी घरांची अडचण आणखी एका पदराची. घरातली मराठी स्वयंपाकघराची, देवघराची, लग्नकार्याची. बाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी. या दुखण्याला घरच्या मराठीत शब्दच उरलेले नाहीत, आणि तमिळमधले जे शब्द आहेत ते भिंतीवरच्या कागदानं नासवले. म्हणून 'मला त्रास होतो' एवढंच म्हणून माणूस थांबतो. पुढचे शब्द पुरवणं हेच अर्धं काम, आणि ते त्याच्या भाषेत बोलणाऱ्यालाच जमेल. चेन्नईच्या इंग्रजी क्लिनिकची फी आणि रेल्वेचं भाडं सगळ्यांना परवडणारं नाही.

म्हणून या पत्रकाची मागणी सरळ आहे. 1959 पासून या गावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस, मानसोपचार, स्त्रीरोग आणि मूत्ररोग या तिघांनी मिळून जोडप्यांची ओपीडी चालवावी, आणि पाटीवर 'गुप्त' हा शब्द नसावा. दारोदार साखर मोजणाऱ्या सेविकांना तो एक प्रश्न विचारायला शिकवावं. कुटुंब न्यायालयाच्या समुपदेशकांना प्रशिक्षण द्यावं. औषध निरीक्षकांनी 1954 चा कायदा घेऊन एकदा बसस्टँडला चक्कर मारावी. तारीख आणि खोली जाहिरातीतच छापलेली असते.

तोवर ज्याला जिना चढायचाच आहे त्यानं वरच्या माणसाला चार गोष्टी विचाराव्यात. नोंदणी क्रमांक काय आणि कुठल्या परिषदेचा. या बाटलीत काय आहे ते कागदावर लिहून देणार का. जोडीदाराला घेऊन आलो तर चालेल का. आणि पुढच्या महिन्यात त्रास झाला, तर तुम्ही सापडाल कुठे.