सारख्यांतील निवड

दोन वस्तू अगदीं निराळ्या असल्या म्हणजे त्यांतून एक निवडणें सोपें असतें. माणसाच्या विवेकाची खरी कसोटी लागते ती सारख्या दिसणाऱ्या वस्तूंपुढें. गेल्या दिवाळींत आमच्या घरच्या संगणकाची जुनी सॉलिड स्टेट ड्राइव्ह एकाएकीं निकामी झाली, तेव्हां याचा अनुभव आम्हांस आला.

दुकानदारानें दोन ड्राइव्ह पुढें ठेविल्या. दोन्ही सॅमसंग कंपनीच्या, दोन्ही १ टेराबाइटच्या. एकीचें नांव '८७० ई.व्ही.ओ.', दुसरीचें '८७० क्यू.व्ही.ओ.'. आकार तोच, जोडणी तीच, आणि छापील वेगहि तोच : सेकंदास ५६० मेगाबाइट वाचन व ५३० मेगाबाइट लेखन. मग किंमतींत अंतर कां? वडील म्हणाले, "स्वस्त असेल ती घ्यावी." दादा म्हणाला, "महाग आहे त्या अर्थीं तीच चांगली असणार." माझ्या अल्पमतीप्रमाणें दोघांचाहि विचार अपुरा होता.

खरा भेद आंत आहे. अशा ड्राइव्हमध्यें फिरणारी तबकडी नसते. सूक्ष्म कोशांत विद्युद्भार सांठवून माहिती ठेविली जाते. ई.व्ही.ओ.च्या प्रत्येक कोशांत ३ बिट राहतात, म्हणजे भाराच्या ८ पायऱ्या ओळखाव्या लागतात, क्यू.व्ही.ओ.च्या कोशांत ४ बिट, म्हणजे १६ पायऱ्या. एकाच मापावर आठांऐवजीं सोळा खुणा केल्या, तर दूध मोजणाऱ्यास हात जपून चालवावा लागतो. त्याचप्रमाणें येथें लेखन मंदावतें. ही मंदता झांकण्यासाठीं कांहीं कोशांत प्रथम एकेकच बिट लिहून काम जलद उरकलें जातें. १ टेराबाइटच्या क्यू.व्ही.ओ.मध्यें ही सोय फार तर ४२ गिगाबाइटपर्यंत पुरते. त्यापुढें एकसारखें लिहीत राहिल्यास वेग ८० मेगाबाइटवर येतो. छापील आंकडा खोटा नव्हे. परंतु तो शर्यतीच्या आरंभींचा आहे, शेवटचा नव्हे.

आयुष्याविषयीं कंपनीची हमी ई.व्ही.ओ.स ५ वर्षें किंवा ६०० टेराबाइट लेखन, आणि क्यू.व्ही.ओ.स ३ वर्षें किंवा ३६० टेराबाइट, यांपैकीं जें आधीं होईल तोंपर्यंत, अशी आहे. हें अंतर पाहून भिण्याचें मात्र कारण नाहीं. रोज २० गिगाबाइट लिहिलें तरी ३६० टेराबाइट होण्यास सुमारें ४९ वर्षें लागतील! तेव्हां ज्यास चित्रफितींसारख्या प्रचंड फाइली वारंवार उतरवून घ्यावयाच्या आहेत, त्यानें पहिली घ्यावी. ज्याचें काम निबंध, हिशेब व वाचन एवढेंच आहे, त्यास दुसरी पुरेशी आहे. किंमतींतील अंतर अगदीं थोडें असेल तर मात्र पहिलीच बरी.

परंतु या दोहोंहून मोठी गोष्ट निराळीच आहे. आमची जी ड्राइव्ह बंद पडली तींत आमच्या कैलासवासी आजीच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या होत्या. ती ड्राइव्ह त्या वेळीं दुकानांतील सर्वांत महागांपैकीं होती, आणि तिची हमीहि संपली नव्हती. हमीप्रमाणें नवी ड्राइव्ह मिळते. ओव्या मिळत नाहींत. त्यांची दुसरी प्रत आम्हीं कधींच केली नव्हती.

म्हणून शेवटीं आम्हीं स्वस्त ड्राइव्ह घेतली, आणि उरलेल्या पैशांत थोडी भर घालून प्रती ठेवण्यासाठीं एक साधी बाहेरची हार्ड डिस्क आणली. दर रविवारीं प्रत काढण्याचें काम माझ्याकडे आहे. विद्यार्थिबंधुभगिनींनो, दोन सारख्या वस्तूंपैकीं श्रेष्ठ कोणती याचा काथ्याकूट अवश्य करा. परंतु जें पुन्हां विकत मिळणार नाहीं तें एकाच ठिकाणीं ठेवूं नका, एवढीच माझी विनंती आहे.