पाषाणभेद आणि आमची बरडी

धानाच्या बांधीच्या वर, जेथें पाणी ठरत नाहीं व नांगराचा फाळ दगडावर कण्हतो, अशी बरडी जमीन चामोर्शी तालुक्यांतील पुष्कळ खातेदारांच्या वांट्यास थोडीबहुत आलेली असते. तिचें काय करावें हा प्रश्न जुनाच आहे. अलीकडे त्यावर एक सोपें उत्तर ऐकूं येतें : ‘दगडांत येणारीं हिमालयांतील औषधी झाडें लावा, पाषाणभेद लावा.’ नांव मोठें मोहक आहे. जो दगडच भेदतो, त्याला बरडीची काय भीति? परंतु आमच्या मतें हें उत्तर चुकीचें आहे. त्यावर पैसा घालण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं दोन गोष्टी समजून घ्याव्या, एवढ्यासाठीं हा लेखप्रपंच.

खरा पाषाणभेद म्हणजे बर्जेनिया. हिमालयांत साधारणतः १००० ते ३००० मीटर उंचीवर, ओलसर व सावलीच्या उतारावर, खडकांच्या फटींत तो वाढतो. उंची जेमतेम वीत-दीड वीत. जाड मूळकांड जमिनीलगत सरपटत जातें. पानें रुंद व मांसल. थंडी सरतां सरतां पांढरीं-गुलाबी फुलें येतात. ज्या कुळांत तो मोडतो, त्याच्या लॅटिन नांवाचाहि अर्थ ‘दगड फोडणारा’ असाच आहे. युरोपांतील हौशी लोक दगडांची रचना करून तींत बुटकीं पहाडी झाडें लावतात, त्यांत यालाहि जागा असते. मूतखड्यावरील औषध म्हणून आयुर्वेदांत त्याचें मूळकांड प्रसिद्ध आहे.

प्रस्तुत लेखकानेंहि ही हौस करून पाहिली आहे. घरामागील बरडीवर दगड व मुरूम रचून एक उंचवटा केला आणि विकत आणलेलीं बारा रोपें कार्तिकांत लावलीं. माघापर्यंत तीं इतकीं टवटवीत होतीं कीं, येणाऱ्याजाणाऱ्यास मुद्दाम दाखवावीं. चैत्र-वैशाखांत वर पळसाच्या फांद्यांची सावली केली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलें. तरी पांच गेलीं. उरलेलीं सात मृगाच्या पावसानें तरारतील अशी आशा होती. झालें उलटच. आषाढांत मूळकांडें मऊ पडूं लागलीं आणि पोळ्यापर्यंत सातहि रोपें कुजलीं. विकणाऱ्यानें ‘कोणत्याहि खडकाळ जमिनींत येतें’ असें सांगितलें होतें. आणि आम्हीं तें न पारखतां मानलें, ही चूक आमची.

ऊन हें या नाशाचें निम्मेंच कारण होय. चामोर्शी समुद्रसपाटीपासून सुमारें २०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि रात्रीहि हवा निवत नाहीं. झाड दिवसा जें अन्न तयार करतें, त्यांतलें कांहीं रात्रीं श्वसनांत खर्चतें. रात्र थंड तर खर्च थोडा. रात्र गरम तर खर्च फार. थंड प्रदेशाचें झाड आमच्या उन्हाळ्यांत असें गांठीचें खाऊन दुबळें होतें; आणि त्या दुबळेपणींच त्याच्यावर १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस येऊन पडतो. पहाडावर ओल असते, पण ती थंड असते. येथें ओल व ऊब एकत्र येतात. मुळें कुजविणाऱ्या बुरशीला याहून अधिक काय हवें?

दुसरी गोष्ट नांवाची. पाषाणभेद या एकाच नांवाखालीं निरनिराळ्या वनस्पति चालतात. कोठें पानफुटीला तें नांव देतात, कोठें पानओव्याला, तर कोठें कापूरमाधुरीला. यांतील पानफुटी आमच्या त्याच उंचवट्यावर पानापानांतून फुटून पसरली आहे. तेव्हां ‘आमच्याकडे पाषाणभेद उत्तम येतो’ असें कोणी सांगितलें, तर तो खोटें बोलतो असें नव्हे. पण कोणता पाषाणभेद, हें विचारून घ्यावें. ब्रह्मकमळाचेंहि असेंच आहे. घरोघरीं कुंडींत रात्रीं उमलणारें जें फूल आपण पूजितों, तें मेक्सिको व मध्य अमेरिकेंतून आलेल्या निवडुंगाच्या कुळांतील झाडाचें. खरें ब्रह्मकमळ हिमालयांत ३००० मीटरांहून उंच जागीं येतें. पूजेंत या गल्लतीनें कांहीं बिघडत नाहीं. रोपांच्या व्यवहारांत मात्र गांठचा पैसा जातो.

यावर कोणी म्हणेल कीं, स्ट्रॉबेरी हेंहि थंड प्रदेशाचें बुटकें झाड. तें महाराष्ट्रांत कसें पिकतें? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण महाबळेश्वर १३०० मीटरांहून अधिक उंच आहे, आणि तेथेंहि तें मुख्यतः थंडीच्या हंगामाचें पीक म्हणून घेतात. एका हंगामांत हाताशीं येणारें पीक वेगळें, आणि ज्याच्या मूळकांडासाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागतें असें झाड वेगळें. त्याला आमचे उन्हाळे व पावसाळे दोन्ही काढावे लागतात.

मग दगडांच्या त्या रचनेंत शिकण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, पण शिकावयाची ती रीत, झाड नव्हे. उंचवटा करावा, तळाशीं मोठे दगड व वर मुरूम-माती घालावी, पाणी क्षणभरहि सांचूं देऊं नये, ही रीत आमच्या बरडीलाहि लागू आहे. झाडें मात्र आमच्या ऋतूंचीं हवींत. साताऱ्याजवळील कास पठार पाहा. जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभर, तरी पावसाळ्यांत तें फुलांनीं भरून जातें. पश्चिम घाटाचा भाग म्हणून त्यास २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. पहाडी झाड हिवाळ्यांत बर्फाखालीं झोपतें; आमच्या कातळावरील कित्येक झाडें उन्हाळ्यांत बी वा कंद होऊन झोपतात. सारा फरक या झोपेच्या ऋतूचा आहे.

आमच्या रानांतील मुसळी याच जातीची. पाऊस पडतांच उगवते, पावसाळा सरल्यावर पानें वाळतात, आणि मांसल मुळ्या जमिनींत निजून राहतात. वरंब्यावर लावावी, पाणी ठरूं देऊं नये, हिवाळ्यांत खणावी. पुढील लावणीच्या मुळीला शेंड्याच्या चकतीचा तुकडा राखावा. त्यावांचून ती फुटत नाहीं. लागवडीचीं मुळें रानांतून ओरबाडून मात्र आणूं नयेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. आमच्याच जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) गांवास सामूहिक वनहक्क २००९ सालीं मिळाला. म्हणून ग्रामसभेस विचारून, थोडेंच बियाणें घ्यावें व तें शेतांत वाढवावें.

पण येथेंहि सबूर हवी. याच मुसळीच्या मागें पूर्वीं अनेक शेतकरी धांवले, बियाण्यास भलता भाव दिला, आणि माल निघाल्यावर गिऱ्हाईक मिळेना. यासाठीं पहिल्या वर्षीं एका गुंठ्यापलीकडे जाऊं नये. एक गुंठा बुडाला तर शहाणपण येतें. एक एकर बुडाला तर कर्ज येतें. बरडी ही नापीक म्हणून टाकण्याची जमीन नाहीं, आणि जाहिरातीवर भुलून उधळण्याचीहि नाहीं. तिच्यावर आज आपोआप काय उगवतें, हें बांधाबांधानें हिंडून पाहावें. तिची पहिली शिफारस तीच समजावी.