अंदाज सहा किलोमीटरचा, विमा मात्र अख्ख्या मंडळाचा

मंडळी, विज्ञान, हवामान आणि राजकारण या तिन्ही बातम्या सध्या आपल्याच बांधावर येऊन भेटल्यात.

२६ मे २०२५ ला केंद्राने 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू केली. हवामानाचा अंदाज आधी १२ किलोमीटरच्या चौकटीत निघायचा, आता ६ किलोमीटरच्या. शिवाराच्या या टोकाला पाऊस आणि त्या टोकाला ऊन, हे आता सुपरकॉम्प्युटरलाही जरा नीट दिसतंय म्हणायचं!

पीकविमा मात्र उलट्या वाटेने निघाला. एक रुपयाचा विमा खरीप २०२५ पासून बंद झाला, खरिपाला २ टक्के आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता आला. त्यावर ओरड झाली, ती रास्तच. पण खरी मेख दुसरीकडे आहे. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान या निकषांवरची भरपाई राज्याने काढून टाकली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे मंडळाची सरासरी. सप्टेंबरात सीनेच्या पुराने काठची रानं मातीसकट खरवडून नेली. त्याच मंडळात माळावरचं सोयाबीन बरं उतरलं, की सरासरी वर जाते आणि काठावरचा माणूस हात चोळत बसतो.

सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण ती मदत झाली, हप्ता भरून मिळवलेला हक्क नव्हे.

आता खरीप २०२६ पासून जंगली जनावरांनी केलेलं नुकसान आणि पाण्याखाली गेलेलं भात विम्यात धरायचं केंद्राने ठरवलंय. चांगलंच आहे. मग सीनाकाठच्या सोयाबीनने कुणाचं काय घोडं मारलंय?