निगेटिव्ह टाकू नका

गेल्या मे महिन्यात धामापूरचं घर आवरायला आम्ही सगळे जमलो होतो. (नातेवाईक मंडळी हे वाचणारच, त्यामुळे कोण किती काम करत होतं ते लिहीत नाही!) माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना डबा निघाला. आत निगेटिव्ह. "प्रिंट आहेत ना भिंतीवर, मग ही कशाला?" असं कुणीतरी म्हणालं आणि डबा थेट कचऱ्याच्या ढिगाकडे निघाला. मी तो अक्षरशः हिसकावून घेतला.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपासून मी पुण्यात एका निवृत्त फोटोग्राफरकाकांकडे ब्लॅक अँड व्हाइट शिकतेय. रोल धुणं, एन्लार्जरखाली कागदावर छापणं, सगळं हाताने. काकांचं पहिलं वाक्य होतं, "फोटो कॅमेऱ्यात अर्धाच होतो." तेव्हा ते नुसतं ऐकून घेतलं होतं.

आमच्या माजघरात 1974 सालचा एक फोटो आहे. क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेला, तालुक्याच्या एका स्टुडिओत छापलेला. आजोबा अंगणात उन्हात, पांढराशुभ्र सदरा. आजी मागे, पडवीच्या सावलीत. तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. "तिचो फोटो कधी बरो येवक नाय," हे वाक्य घरात मी लहानपणापासून ऐकलंय. आजी सावळी होती, म्हणून फोटो येत नाही, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

डब्यात त्याच फोटोची निगेटिव्ह सापडली. दिवाळीत एन्लार्जर घेऊनच धामापूरला गेले.

डार्करूम कुठे करायची हा प्रश्नच नव्हता. बाळंतिणीची खोली! खिडकी नाही, वर माळा असल्यामुळे कौलांतून कवडसा येत नाही. आत्या आणि बाबा तिथेच जन्मले. खरा त्रास पाण्याचा. डेव्हलपर 20 अंशांवर हवा आणि आमच्याकडे पाणी तापवावं लागतच नाही. शेवटी माठातलं पाणी घेतलं आणि ट्रे बर्फाच्या परातीत ठेवला. एकदा ऐन एक्स्पोजरमध्ये लाईट गेली, कागद फुकट. बाहेरून काकी ओरडली, "काय करतस गो काळोखात? विंचूकाटो बघ हां!"

आधी कागदाच्या पट्टीवर तीन-तीन सेकंदांच्या पायऱ्या पाडल्या. आजोबांचा सदरा नीट यायला 14 सेकंद लागत होते. तेवढ्यात आजी काळी ठिक्कर. पण सहा सेकंदांच्या पायरीवर तिचा गाल दिसत होता, कानातली कुडीसुद्धा. म्हणजे निगेटिव्हमध्ये ती होती! छापणाऱ्याने सदऱ्याचा हिशेब केला, आजीचा केला नाही. मग तारेला पुठ्ठ्याची चकती लावली आणि 14 पैकी आठ सेकंद तिच्या चेहऱ्यावर सावली धरली. चकती हलवत राहावी लागते, नाहीतर कडा उमटते. पहिल्या प्रिंटमध्ये आजीच्या डोक्याभोवती देवाच्या फोटोसारखं वलय आलं! चौथा प्रिंट जमला.

लाल दिव्यात आत्या शेजारी उभी होती. ट्रेमध्ये चेहरा वर येताना ती एवढंच म्हणाली, "आये हसता गो."

आता माझं मत. 'हळू जगा, फिल्म वापरा' असलं काही मला सांगायचं नाही. फिल्म महाग झालीय आणि मोबाइल उत्तम फोटो काढतो. भाच्याने तर तीच निगेटिव्ह उजेडासमोर धरली, मोबाइलवर रंग उलटे केले आणि दोन मिनिटांत आजी दाखवली. हरकत नाही. पण त्यालाही निगेटिव्हच लागली ना! भिंतीवरच्या प्रिंटमधून तो चेहरा कुठलंही यंत्र परत आणू शकत नाही. आणलाच तर तो बनवलेला असेल, आजीचा नसेल.

पन्नास वर्षं आम्ही एका माणसाचा घाईतला निर्णय आजीचा रंग म्हणून पाहिला. डार्करूममध्ये हे हाताला कळतं. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 सालीच फोटोग्राफी शिकवायला लागले होते. शाळेत आजही मुलांना एकदा तरी एक निगेटिव्ह दोन तऱ्हांनी छापायला द्यावी असं मला वाटतं. मग कुठलाही फोटो पाहताना त्यात कोणासाठी किती सेकंद दिलेत, हे ती विचारतील.

जाता जाता. निगेटिव्ह कडेने धरा, कागदी पाकिटात घाला, डबा कोरडा ठेवा. कोकणातल्या दमटपणात प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. आणि कुणी छापायला बसलंच तर वापरलेला हायपो परसात ओतू नका, त्यात चांदी विरघळलेली असते. मी कॅन भरून पुण्याला परत नेते. 1530 साली बांधलेला तलाव ज्या गावाने आजवर सांभाळला, तिथे एवढं तरी करायलाच हवं.

आजीचा नवा फोटो आता माजघरात आहे. जुनाही शेजारीच ठेवलाय. आत्याला आवडलं नाही, पण राहू दे म्हटलं.