आधी एसएमपीएस, मग दुसरे कार्ड

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ असोत, की घरच्या संगणकावर एआय मॉडेल चालवू पाहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, अनेकांना आता एका ग्राफिक्स कार्डात भागत नाही. दुसरे कार्ड घेताना मात्र सारे बजेट कार्डावरच संपते आणि संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या वाट्याला उरलेसुरले पैसे येतात. हा क्रम उलटा आहे. बुलडाणा जिल्ह्यात तर एसएमपीएस आधी ठरवावा आणि त्याचा हिशेब भिंतीतल्या सॉकेटपासून मांडावा.

आरटीएक्स ३०९० या कार्डाचा भार ३५० वॅट, म्हणजे दोहोंचा ७००. प्रोसेसर, डिस्क, पंखे यांचे ३०० धरले की झाले हजार. पण कार्डाची मागणी एकसारखी नसते, ती क्षणभर कितीतरी उसळते. ती उसळी पेलली नाही, तर रेंडर चालू असतानाच मशीन बंद पडते. म्हणूनच इंटेलच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मापदंडात सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापुरता दुप्पट भार सोसण्याची अट आली. त्यामुळे हजार वॅटच्या गरजेला १३०० वॅटचा सप्लाय ही चैन नव्हे. शिवाय प्रत्येक कार्डाला स्वतंत्र केबल हवी. एकाच केबलच्या दोन तोंडांवर काम भागवू नये. त्यात आपला उन्हाळा. बुलडाणा शहर घाटावर असले, तरी खामगाव, मलकापूर, शेगाव घाटाखाली. तिथे मे महिन्यात पारा ४२ अंश ओलांडतो. २५ अंशांवर मोजलेली क्षमता तिथे कामाची नाही. ५० अंशांवरही पूर्ण क्षमतेची हमी देणारे मॉडेलच घ्यावे.

आता सॉकेट. ९० टक्के कार्यक्षमता धरली, तर हजार वॅटसाठी भिंतीतून सुमारे ११०० वॅट लागतात. २३० व्होल्टवर हा करंट पाच अँपिअरच्या आत राहतो. व्होल्टेज उतरले की साधा बल्ब मंद होतो, एसएमपीएस मात्र तेवढीच वीज मिळवायला जास्त करंट ओढतो. १८० व्होल्टवर तो सहा अँपिअरच्या वर जातो आणि सहा अँपिअरचे साधे सॉकेट तापू लागते. तेव्हा १६ अँपिअरचा पॉइंट आणि तपासलेले अर्थिंग हा खरेदीचाच भाग समजावा.

मोठ्या एसएमपीएसने वीजबिल वाढेल, ही शंका निराधार आहे. तो लागेल तेवढीच वीज घेतो, आणि निम्म्या भारावर त्याची कार्यक्षमता सहसा सर्वात चांगली असते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सॉफ्टवेअरने कार्डाची मर्यादा २८० वॅटवर आणली, तर लहान सप्लाय का चालू नये? मर्यादा जरूर घालावी. वेग थोडाच घटतो, उष्णता बरीच कमी होते. पण ही सेटिंग अनेकदा रीस्टार्टनंतर पुसली जाते, आणि वीज जाऊन येणे आपल्याला नवे नाही. बचतीसाठी ती ठीक. सुरक्षिततेचा हिशेब मात्र पूर्ण भारावरच करावा. तो बजेटमध्ये बसत नसेल, तर दुसरे कार्ड पुढच्या वर्षी घेतलेले बरे.